खारीला सांगा

मुळ्येबाईंना कुजबुजता येत नसे. या बाईंच्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं, त्यातलं निम्मं तरी या एका गोष्टीपायी झालं, असं माझं मत आहे. माळव्यातल्या धारच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. वर्गात मुली खच्चून भरलेल्या, बाहेर रस्त्यावर टांग्यांचा खडखडाट, तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय त्यांच्या घशात जाऊन बसली ती बसलीच. भाजीवालीला कोथिंबिरीचा भाव विचारला तरी समोरच्या ओट्यावर डुलक्या काढणारा म्हातारा दचकून उठे. गुपित सांगायचं असलं की बाई जवळ सरकत, तोंडापुढे हात धरत, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते गुपित सांगत. बरं, आपण मोठ्याने बोललो हे त्यांना मान्य नसे. "मी हळूच बोलले की गं!" हेही ओरडूनच.

दिसायला बुटक्या. केसांचा सुपारीएवढा अंबाडा, सुती साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला, आणि चाल अशी तुरुतुरु की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची गल्लीत कोणाची छाती नव्हती. त्यांचे थोरले भाऊ म्हणजे मुळ्येबुवा. आमच्या राममंदिरात पूजाअर्चा करायचे आणि कीर्तनं करायचे. देवळाला लागून दोन खोल्यांचं कवेलूंचं, म्हणजे कौलारू, घर होतं, त्यात ही दोघं राहत. बुवांची बायको फार लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. बाईंनी शाळा सांभाळून भावाचं घर केलं. बुवा त्यांना "सुमे" म्हणत आणि त्या बुवांना "दादा".

बाईंचं एक पालुपद होतं: "आधी मोज, मग बोल." एखादी मुलगी म्हणाली, "बाई, झाडावर खूप पोपट आलेत," की लगेच, "खूप म्हणजे? मोजलेस?" माझी आई एकदा शाळेत सांगायला गेली की शुभाला, म्हणजे मला, अंगात ताप आहे, ती आज येणार नाही. बाई म्हणाल्या, "मोजला?" आई घरी येऊन इतकी चिडली होती! "पोरगी इथे फणफणतेय, आणि हिला आकडा हवा." पण संध्याकाळी बाई स्वतःच थर्मामीटर घेऊन आमच्या दारात हजर. ताप मोजला, कपाळावर पट्टी ठेवली, आणि जाताना आईला दटावलं, "तुम्ही म्हणत होता तितका नाहीये. पण आहे."

तर खारीचं सांगते. शाळेच्या आवारात मोठा कडुनिंब होता. त्याच्यावर खारींचा नुसता सुळसुळाट. पाठ्यपुस्तकात खारीचा धडा आला की बाई पुस्तक मिटायला लावत आणि आम्हाला निंबाखाली नेऊन बसवत. बोलायचं नाही, फक्त बघायचं. बघता बघता कळायचं की खार नुसती पळत नाही, तिचे ठरलेले रस्ते आहेत. याच फांदीवरून त्या भिंतीवर, तिथून गच्चीच्या कठड्यावर. निंबोळी दोन्ही हातांत धरून फिरवून फिरवून खाते. मांजर दिसलं की शेपटी झटकत चिर्रर्र-चिर्रर्र असा गळा काढते की जवळच्या साळुंक्यासुद्धा सावध होतात. घरटं म्हणजे फांदीच्या दुबेळक्यात कोंबलेला काथ्या, चिंध्या आणि कापूस. आमच्या वर्गातल्या एकीची लाल रिबिन दोन दिवस सापडत नव्हती, ती तिथून लोंबताना दिसली. ती रडायला लागली तर बाई म्हणाल्या, "रडतेस काय? तुझ्या रिबिनीवर आता पोरं निजतील. तुझ्या डोक्यात काय काम होतं तिचं?"

एकदा बाईंनी पुस्तकातलं खारीचं चित्र उघडायला लावलं. "पट्टे किती काढलेत?"

"तीन," आम्ही एका सुरात.

"आता वर बघा. आधी मोजा, मग बोला."

आम्ही मोजले. खार काय एका जागी बसते थोडीच! माना मोडून गेल्या. पण शेवटी एक खार उन्हात फांदीला पोट टेकून पसरली आणि आम्हाला नीट दिसलं. पाठीच्या मधोमध तीन ठसठशीत पांढुरके पट्टे, आणि दोन्ही कुशींवर एकेक पुसट. पाच. बाईंनी सगळ्यांना पुस्तकातल्या चित्रावर पेन्सिलीने दोन-दोन पट्टे वाढवायला लावले. पुढच्या वर्षी ती पुस्तकं आमच्या धाकट्या बहिणींकडे गेली, त्यांच्यातही ते पट्टे होते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण खार काय फक्त विज्ञानाच्या पुस्तकात असते?

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दशमीला, मुळ्येबुवा सेतुबंधाचं आख्यान लावायचे. ते ऐकायला तिरल्याहून, अगदी धरमपुरीहूनसुद्धा माणसं यायची. मराठी न कळणारी शेजारची मालवी बायामाणसं पोरं घेऊन पुढे येऊन बसायची, कारण बुवा शब्दांनी सांगत त्याच्या दुप्पट हातांनी सांगत. त्या आख्यानात खार यायची. गल्लीत तिचं नावच होतं, बुवांची खार. वानर डोंगर उचलून आणताहेत, आणि एक एवढीशी खार वाळूत लोळते, समुद्राशी जाते, अंगाची वाळू झटकते. वानर हसतात. मग रामराया तिला तळहातावर घेतात. इथे बुवा पेटीवाल्याला हाताने थांबवत. चिपळ्या खाली ठेवत. उजव्या हाताची तीन बोटं वर करत आणि हवेतच त्या न दिसणाऱ्या पाठीवरून अशी सावकाश फिरवत की बायका डोळ्यांना पदर लावत. मग अगदी हलक्या आवाजात, "आणि त्या इवल्याशा पाठीवर उमटले... तीन पट्टे."

मी आठवीत होते त्या वर्षीची गोष्ट. इंदूरहून काही मंडळी खास बुवांना ऐकायला आली होती, चातुर्मासात तिकडे कीर्तनं ठेवायचा त्यांचा विचार होता. बुवांचा गळा छान लागला होता. खार आली, पेटी थांबली, तीन बोटं फिरली. "...तीन पट्टे." देवळात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

आणि त्या शांततेत मुळ्येबाई माझ्या आईकडे झुकल्या, तोंडापुढे हात धरला, आणि कुजबुजल्या, "पाच असतात!"

देवळाचा घुमट. तो शब्द वर गेला आणि फिरून खाली आला. आधी एक पोरगं फिसकन हसलं. मग पोरांची रांगच्या रांग. मग बायका. पेटीवाल्याने मान खाली घातली पण त्याचे खांदे हलत होते. इंदूरची मंडळी एकमेकांकडे बघून हसली. बुवांची तीन बोटं तशीच हवेत राहिली होती. ती खाली घ्यावीत की नाही हेच जणू त्यांना कळेना. त्यांनी कीर्तन पुरं केलं, आरती झाली, पन्हं वाटलं. पण घरी गेल्यावर जेवले नाहीत, आणि बाईंशी बोलले नाहीत.

बाईंनी माफी मागितली नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ पायांशी जाऊन बसल्या. "दादा, चुकलं माझं. भर देवळात बोलायला नको होतं. पण आहेत पाचच." आता हे शेवटचं वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं, सांगा! पण नाही. बुवा उठून आत गेले आणि अबोला सुरू झाला तो असा की एका घरात, एका चुलीवर, दोन माणसं, आणि मधे चकार शब्द नाही.

दोघांचं तोंड उघडलं ते पावसाळ्याने. आमच्याकडे पावसाळ्याआधी कवेलू फेरतात, म्हणजे छपरावरची फुटकी कौलं काढून साबूत बसवतात. त्या वर्षी मजूर वर चढला तर बुवांच्या खाटेच्या बरोबर वर, वाशाच्या बेचक्यात, खारीचं घरटं. आत डोळे न उघडलेली पोरं. आणि अंथरूण कशाचं? देवळातल्या वातींचं. बाई रोज दुपारी वाती वळून तबकात ठेवत आणि समईला नेहमी कमी पडत, त्याचा उलगडा तेव्हा झाला. बाईंनी खालून आज्ञा केली, "तेवढा कोपरा सोडा!"

मजूर म्हणाला, "बई, पाणी टपकेगा तो बुवाजी म्हारे गाली देगा."

"बुवा गाली नहीं देते, भिया," बाई म्हणाल्या. "बुवा बोलतेच नहीं."

कोपरा राहिला. पाऊस आला आणि व्हायचं ते झालं. मी बाईंकडे गणित शिकायला जायची, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. बुवा खाटेवर छत्री उघडून बसले होते, मांडीवर पोथी. छत्रीवर टप टप चाललेलं. खिडकीच्या गजात ती खार येऊन बसली होती, शेपटी हलवत. बुवांनी तिच्याकडे बघितलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "खारबाई, या घरच्या मालकिणीला सांगा, तुमच्या लेकरांपायी आमचं अंथरूण भिजलं."

स्वयंपाकघरातून, तवा खाली न ठेवता, "खारबाई, त्यांना सांगा, खाट भिंतीकडे सरकवली तर कोरडी राहील."

बुवांनी खाट सरकवली. मी वहीत तोंड खुपसून हसत होते.

तेव्हापासून त्या घराचा सगळा कारभार खारीमार्फत चालू झाला. "खारीला सांगा, आमटीत मीठ नाही." "खारीला सांगा, मीठ डाव्या हाताला आहे, घ्यावं." "खारीला सांगा, दूधवाला येऊन गेला." "खारीला सांगा, आम्ही पाहिलं." गल्लीला काही दिवस करमणूक झाली, मग सवय झाली. बायकाही गंमत म्हणून घरोघरी नवऱ्याला निरोप द्यायला लागल्या, खारीला सांगा म्हणून. पण मला ती गंमत पुढे पुढे सोसेना. एकदा बुवांना ताप होता. बाई काढा घेऊन दारात उभ्या राहिल्या. बुवांनी खिडकीकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. खिडकी रिकामी होती. दोघं तशीच थांबली, खार येईल म्हणून. आली नाही. शेवटी बाईंनी पेला खाटेशी ठेवला आणि परत गेल्या. मला त्या वेळी दोघांचा इतका राग आला की वाटलं दोघांना समोरासमोर बसवून एकेक चापट द्यावी.

आणि कीर्तनातली खार? ती गेली. पुढच्या दशमीला बुवांनी सेतुबंध लावला, वानर आले, डोंगर आले, सेतू झाला, आणि सेना सरळ पलीकडे. पुढे बसलेल्या पोरांनी विचारलं, "बुवा, गिलहरी?" बुवा म्हणाले, "ती आता येत नाही." मागे बायकांत बाई खाली मान घालून बसल्या होत्या. घरी येताना त्या आईला म्हणाल्या, "अहो, पोरं वाट बघत होती." एवढंच म्हणाल्या. तेही मोठ्यानेच म्हणाल्या, पण त्या दिवशी हसायला कोणाला आलं नाही.

दोन-तीन वर्षांनी बाईंना बढती मिळाली आणि देवासला बदली झाली. बाईंनी नाही म्हणायची तयारी केली होती. भावाने नुसतं "थांब" म्हटलं असतं तर त्यांनी हेडबाईची खुर्ची ओवाळून टाकली असती. बुवा म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी ट्रंक दारात होती, मी आणि आई पोचवायला आलो होतो. बुवा खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत म्हणाले, "खारीला सांगा, देवासचं पाणी जड आहे. उकळून प्यावं."

बाई टांग्यात बसल्या. बसस्टँड येईपर्यंत नाक पुसत होत्या आणि आम्हाला सांगत होत्या की धूळ फार आहे.

पुढे माझं लग्न झालं तेही देवासलाच. आमचे हे सावंतवाडीकडचे, इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले. आमचं घराणं संस्थानाच्या काळापासून धारचं, त्यामुळे माझं मराठी सासूबाईंना ऐकवेना. मी "मी बोलली" म्हटलं की त्या कपाळाला हात लावून म्हणत, "बोल*ले* गं, बाई, बोल*ले*." परक्या गावात मला माझं माणूस म्हणून एक मुळ्येबाई होत्या. त्यांचं घर मी लांबूनच ओळखलं, कारण आवाज ऐकू आला.

घर निवडण्याची त्यांची तऱ्हाही न्यारी. नव्या वसाहतीतली दोन चांगली, फरशी घातलेली घरं त्यांनी नाकारली. का, तर झाडं लहान आहेत, खार कुठून येणार? आणि टेकरीच्या बाजूला एक अंधारी खोली घेतली, तिच्या मागे जुनाट चिंच होती म्हणून. चौधरीजी म्हणून घरमालक होते, भला माणूस. त्यांनी विचारलं, "बाई साब, धार में भाई हैं तो साथ क्यूं नहीं रहते?" बाईंनी आपल्या हिंदीत सांगितलं, "दादा मुझसे नहीं बोलते. बीच में खार है."

चौधरीजींनी मान हलवली. "क्या करें बाई साब, भाई-बहन में खार तो घर-घर में है."

बाई चकित. "घर-घर में? आप के यहां भी आती है? खिडकी में?"

आता हिंदीत खार म्हणजे अढी, डूख, हे मला बाईंना समजावून सांगावं लागलं. आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "चौधरी चुकला नाही गं."

दर चैत्रात बाई वाती वळून धारला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवत. स्वतः जात नसत. "मी समोर बसले की त्याला ती बोटं आठवतील," म्हणायच्या. परत येणारा माणूस निरोप आणायचा, "बुवांनी सांगितलं, खारीला सांगा, वाती पोचल्या." त्या दिवशी बाई आम्हाला सगळ्यांना श्रीखंड खायला बोलावत.

आमच्या घरी खारीवरून वादही झाला. हे एकदा सहज म्हणाले, आमच्याकडे खारीला तीनच पट्टे. बाई ताठ झाल्या. "मोजलेत?" सासूबाईंनी देवाची शपथ घेऊन सांगितलं, तीन. बाई म्हणाल्या, शपथेने पट्टे बदलत नाहीत. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड. शेवटी दिरांचं लग्न निघालं तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "हिला पण घेऊन चला सावंतवाडीला. मोजू दे एकदाचं."

आणि बाई आल्या खरंच. मे महिन्याची सुट्टी होती. घरात मांडवाची धावपळ, आणि या चष्मा पुसत परसात फणसाखाली जाऊन बसल्या. जेवायला बोलावलं तर हातानेच नको म्हणाल्या. माडावरून फणसावर, फणसावरून गोठ्याच्या छपरावर खारी पळत होत्या, आमच्याकडच्यापेक्षा काळपट. दुपार कलल्यावर बाई आत आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. तोंडापुढे हात धरला नाही. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मुळ्येबाईंना हळू बोलताना ऐकलं.

"शुभा, तीनच आहेत गं."

त्या पुढे बोलत राहिल्या. "बाजूचे दोन नाहीतच. एकीला नाही, सगळ्यांना नाहीत. ही खार वेगळी, आपली वेगळी. आमचे पूर्वज इकडूनच कुठून तरी माळव्यात गेले. जाताना गोष्ट बरोबर नेली. दादाला ती वडिलांनी शिकवली, वडिलांना आजोबांनी. दादा खोटं नव्हता सांगत. त्याची खार इथली होती." मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि मी त्याला भर देवळात खोटा पाडला."

"मग निरोप पाठवा ना धारला," मी बोलली.

"नाही. हे खारीकरवी सांगायचं नाही."

पण सांगायला जायचं धाडस होईना. वर्गात पन्नास पोरींना गप्प करणारी बाई भावाच्या दारापर्यंत जायला घाबरत होती. जाते, जाते म्हणत पावसाळा गेला, दिवाळी गेली. फाल्गुनात धारहून माझा भाऊ आला. त्याने सांगितलं की बुवांचा आवाज पार बसलाय, डॉक्टरांनी कीर्तन बंद करायला सांगितलंय. यंदाची दशमी करणार आणि चिपळ्या रामापुढे ठेवणार. बाईंनी ऐकून घेतलं. मग वातींचं पुडकं उचलून माझ्या भावाला द्यायला गेल्या आणि अर्ध्यातून परत घेतलं. "हे मी नेते," म्हणाल्या.

आम्ही गेलो. हे, मी आणि बाई. इंदूरला गाडी बदलून पोचेपर्यंत आख्यान सुरू झालं होतं. बाई अगदी मागे, खांबाच्या आडोशाला बसल्या. बुवा फार थकले होते. आवाज म्हणजे नुसता घोगरा वारा. पण हात तसेच. वानर आले, डोंगर आले. आणि मग बुवा वाकले, जमिनीवरून काहीतरी इवलंसं उचलल्यासारखं केलं, आणि तळहातावर घेतलं. देवळात कुजबुज उठली. खार आली! इतक्या वर्षांनी! बायका माना वळवून बाईंना शोधायला लागल्या. बाईंनी पदराचा बोळा करून तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

बुवांनी पेटी थांबवली. चिपळ्या खाली ठेवल्या. बोटं वर केली नाहीत. त्या वळलेल्या मानांमागोमाग खांबाकडे बघितलं आणि म्हणाले, "खारीच्या पाठीवर पट्टे किती? सुमे, तू सांग."

सुमे! मधे खार नाही, काही नाही. सरळ नाव घेतलं. बाई उठून उभ्या राहिल्या. वर्गात धडा न आलेल्या मुलीसारख्या पदराशी चाळा करत होत्या.

"तीन, दादा," त्या म्हणाल्या. त्यांचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे, पुढच्यांना जेमतेम ऐकू गेलं. "आपल्या मूळच्या मुलखात तीनच आहेत. मी जाऊन मोजून आले. तू बरोबर होतास."

बुवा हळूच हसले. "आणि इथे पाच आहेत. तू गेल्यापासून रोज खिडकीत बसून मोजतोय मी. आधी मोजलेत, मग बोलतोय."

कोणी हसलं नाही. बुवांनी उजवा हात वर केला, तीन बोटांनी तळहातावरच्या त्या पाठीवरून सावकाश फिरवला. "हे मधले तीन रामरायाचे. आणि कुशीचे दोन पुसट आहेत ना? ते सीतामाईचे. ती लांब होती, लंकेत. तिचा हात पोचेना. तरी तिने तिथूनच कुरवाळलं. लांबच्या माणसाचा हात असाच पुसट लागतो. पण लागतो, सुमे." बुवांनी डोळ्यांना उपरणं लावलं. पेटीवाला म्हाताराही रडत होता, पण त्याने सूर धरला आणि तेवढ्यावर सगळ्या देवळाने रामनाम घेतलं. मी तर हुंदके देत होते, आणि आमचे हे, ज्यांना कीर्तनाचं वावडं, तेही खिशात रुमाल शोधत होते.

बाई देवासला परतल्याच नाहीत, नोकरीचा राजीनामा धारहूनच पाठवला आणि भावाकडे राहिल्या. आमची बदली पुण्याकडे झाली, मुलं, शाळा, संसार, धार सुटलं ते सुटलंच. आधी बुवा गेल्याचं कळलं आणि मग काही वर्षांनी बाई गेल्याचं. तेव्हा मला त्या शेवटच्या दिसल्या त्या दशमीच्या संध्याकाळी.

आम्हाला इंदूरची गाडी पकडायची होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी राहते." मी त्यांची पिशवी द्यायला घरात डोकावले. बुवा खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते आणि बोलत होते. कवेलूंचं, दूधवाल्याचं, गल्लीत कोणाचं काय झालं याचं, त्या फाटक्या आवाजात एकसारखे बोलत होते. बाई जमिनीवर बसून वाती वळत होत्या.

"दादा, घसा बसलाय तुझा. जरा गप्प बस की," बाई ओरडल्या.

"नाही बसत," बुवा म्हणाले. "सुमे, पाणी दे."

खिडकीच्या गजात खार येऊन बसली होती. शेपटी हलवत, मान वाकडी करून ती एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. बराच वेळ बसली बिचारी. तिला कोणीच काही सांगेना.